जनुकाचा रिपोर्ट आणि औषधाची चिठ्ठी : बालवयातील गंभीर अपस्माराविषयी वाचकांचे प्रश्न

लहान वयात सुरू होणाऱ्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : कारण जनुकात आहे हे कळून उपयोग काय, जनुक तर बदलता येत नाही. उपयोग औषधाच्या चिठ्ठीत दिसतो. कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं मुळीच द्यायचं नाही, हे अनेकदा जनुकाच्या नावावरून ठरतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. खाली एखाद्या औषधाविरुद्ध लिहिलेलं वाचून ते घरच्या घरी बंद करू नका. फिट्सचं औषध एकदम तोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते.

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची आहे. पाचव्या महिन्यात लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तापात पहिली फिट आली. ती पंचवीस मिनिटं चालली आणि फक्त उजवं अंग झटके देत होतं. दोन महिन्यांनी गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दुसरी आली, तेव्हा डावं अंग. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल. ऑक्सकार्बाझेपिन सुरू केल्यापासून फिट्स वाढल्या आहेत. घरचे म्हणतात, हे लसीमुळे झालं. पुढच्या लसी द्यायच्या का? — एक आई

उत्तर : पहिल्या वर्षातली सुरुवात, ताप आल्यावर किंवा अंग तापल्यावर येणारी लांब फिट, आणि एकदा उजवी तर एकदा डावी बाजू. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ड्रावे सिंड्रोमचा विचार आधी करावा लागतो. मेंदूत एका जागी जखम किंवा गाठ असती, तर फिट साधारण दर वेळी त्याच बाजूने आली असती. सुरुवातीला एमआरआय आणि ईईजी नॉर्मल असणं या आजारात नेहमीचं आहे. त्यामुळेच ‘तापाची फिट आहे, वय वाढलं की जाईल’ असं म्हणण्यात कित्येक महिने निघून जातात. फ्रान्समधल्या डॉ. शार्लोट ड्रावे यांनी १९७८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि २००१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, एससीएन१ए. दहापैकी आठांहून अधिक मुलांत याच जनुकात बिघाड मिळतो.

हे जनुक चेतापेशींच्या आवरणातली सोडियमची एक वाहिनी बनवतं. इतर पेशींना शांत ठेवणाऱ्या पेशी, म्हणजे मेंदूचा ब्रेक, या वाहिनीवर सर्वांत जास्त अवलंबून असतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की चालू वाहिन्या निम्म्यावर येतात आणि ब्रेक ढिला पडतो. ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमच्या वाहिन्याच अडवतात. इतर कितीतरी प्रकारच्या अपस्मारात ती उत्तम चालतात, पण इथे ढिला ब्रेक आणखी सुटतो. म्हणून औषध सुरू झाल्यावर फिट्स वाढल्या, ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आहे. औषध कोणत्या तारखेला सुरू झालं, डोस केव्हा वाढवला आणि त्यानंतर किती फिट्स आल्या, हे कागदावर मांडून याच आठवड्यात बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. औषध बदलण्यासाठी जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. एवढ्या लक्षणांवरही निर्णय घेता येतो. सहसा व्हॅल्प्रोएट किंवा क्लोबाझामपासून सुरुवात करतात आणि आधीचं औषध हळूहळू उतरवतात. पुढे स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन आणि शुद्ध केलेलं कॅनाबिडिऑल यांची भर पडू शकते. स्टिरिपेंटॉल किंवा कॅनाबिडिऑल क्लोबाझामच्या जोडीला आलं की क्लोबाझामचा अंश रक्तात वाढतो आणि मूल दिवसभर पेंगतं. अशा वेळी बहुधा क्लोबाझामचा डोस कमी करावा लागतो, नवं औषध सोडून द्यावं लागत नाही. फेनफ्लुरामिन हे एकेकाळचं वजन कमी करण्याचं औषध, हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये बाजारातून गेलेलं. आता ते बऱ्याच कमी डोसमध्ये परत आलं आहे, पण सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने हृदयाची इको तपासणी हवीच.

आता लस. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ रुग्णांची जनुकं तपासली. त्यांतल्या ११ जणांत एससीएन१एमधला बदल मिळाला. लसीने ताप आला, तापाने पहिली फिट आली. आजार त्याच्या आधीपासून होता. ज्यांची पहिली फिट लसीनंतर आली आणि ज्यांची तशी आली नाही, अशा ड्रावेच्या मुलांची पुढची वाढ नंतरच्या अभ्यासात तुलना करून पाहिली, तेव्हा फरक दिसला नाही. लस टाळली तर गोवर किंवा डांग्या खोकल्याचा ताप अंगावर येतो आणि तो लसीच्या तापापेक्षा फार जड जातो. तेव्हा लसी द्या, पण ठरवून. डांग्या खोकल्याच्या लसीचा ताप बहुधा पहिल्या ४८ तासांत येतो, तर गोवराच्या लसीचा साधारण ५ ते १२ दिवसांनी. त्या काळात पॅरासिटामॉल केव्हा आणि किती, आणि फिट थांबवण्याचं औषध घरात आहे का, हे लसीच्या आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या. आंघोळीचं पाणी कोमट ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे किंवा बायकोकडे कुणालाही कधी फिट आलेली नाही. तरी मुलाचा आजार ‘जनुकीय’ आहे असं सांगतात. हे कसं शक्य आहे? दुसऱ्या मुलाचा विचार करावा का? — एक वडील

उत्तर : जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. गंभीर बालअपस्मारात सापडणारे बहुतेक बदल आई-वडिलांकडे नसतातच. बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना जनुकाची नक्कल उतरवण्यात चूक होते आणि ती त्या एका मुलात येते. असे साधारण ६० ते ७० नवे बदल प्रत्येक माणसात असतात. जवळजवळ सगळे निरुपद्रवी जागी पडतात, क्वचित एखादा एससीएन१एसारख्या नाजूक जागी पडतो. गरोदरपणातलं खाणं, ताण, प्रवास यांचा याच्याशी संबंध नाही. हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा, कारण दोष बहुतेक वेळा आईच्या माथी मारला जातो.

दुसऱ्या मुलाबाबतचं उत्तर मात्र ‘धोका नाही’ इतकं सरळ नाही. कधी कधी हा बदल आई किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत असतो. त्या पेशी बीजग्रंथीत असल्या तर तोच बदल पुढच्या मुलातही जाऊ शकतो. याला मोझेइसिझम म्हणतात. बदल नवाच आहे असं वाटलेल्या १२० कुटुंबांची बारकाईने फेरतपासणी केली, तेव्हा दहा कुटुंबांत आई किंवा वडिलांमध्ये तो अंशरूपाने सापडला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुक वाचण्याच्या नेहमीच्या, सॅंगर नावाच्या पद्धतीने आई-वडिलांचं रक्त तपासलं तर कमी प्रमाणातला बदल निसटतो. म्हणून ‘आई-वडील निगेटिव्ह’ या ओळीखाली कोणती पद्धत वापरली, ते विचारा. रक्तात काहीच मिळालं नाही तर पुन्हा तसंच मूल होण्याची शक्यता साधारण एक टक्का धरतात. रक्तात अंश मिळाला तर ती बरीच वाढते.

वेगळी उदाहरणंही आहेत. काही आजारांत आई आणि वडील दोघेही एकेका सदोष प्रतीचे वाहक असतात आणि स्वतः ठणठणीत असतात. तिथे प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. नात्यातल्या लग्नात अशी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. पीसीडीएच१९ची तऱ्हा आणखी न्यारी. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बदल असलेला पुरुष सहसा बरा असतो, पण त्याच्या प्रत्येक मुलीत तो बदल जातो आणि मुलींना तापात एकामागून एक फिट्सचे झुबके येतात. मुलीच्या मेंदूत दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी येतात आणि त्यांचं एकमेकींशी जुळत नाही. मुलाच्या सगळ्या पेशी एकाच तऱ्हेच्या असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

नेमका बदल माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात साधारण ११ ते १३ आठवड्यांना वारेचा नमुना किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजलाचा नमुना तपासता येतो. आधी मुलाचं निदान पक्कं, मग गरोदरपण, हा क्रम चुकला की वेळ पुरत नाही.

प्रश्न : एका डॉक्टरांनी एपिलेप्सी पॅनल सांगितलं, दुसऱ्यांनी एक्सोम, तिसऱ्यांनी मायक्रोअॅरे. एकदाच काय करावं?

उत्तर : तिन्हींची जाळी वेगवेगळ्या आकाराच्या माशांसाठी आहेत. पॅनलमध्ये ठरावीक काही शे जनुकं असतात. एक्सोममध्ये सुमारे वीस हजार जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचले जातात. मायक्रोअॅरे गुणसूत्राचा मोठा तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला आहे का, ते पाहतो. फिट्ससोबत चेहऱ्याची ठेवण वेगळी असेल, हृदय किंवा मूत्रपिंडात दोष असेल, वाढ आधीपासून मागे असेल, तर मायक्रोअॅरेला वजन येतं. लक्षणं एका जनुकाकडे स्पष्ट बोट दाखवत नसतील, तर मूल, आई आणि वडील अशा तिघांचा एक्सोम बहुधा सर्वांत कामाचा ठरतो. तिघांचे नमुने एकत्र असले की बदल नवा आहे की घरातून आलेला, हे पहिल्याच फेरीत कळतं.

काय निसटतं, हेही माहीत हवं. जनुकातला एखादा पूर्ण तुकडा गळाला असेल तर काही प्रयोगशाळांच्या एक्सोममध्ये ते दिसत नाही. ड्रावेची लक्षणं ठळक असून एससीएन१ए नॉर्मल आलं, तर एमएलपीए ही स्वतंत्र तपासणी मागा. रिंग क्रोमोसोम २० या विकारात गुणसूत्राची दोन टोकं जुळून कडं होतं. तिथे बहुधा काही गळालेलं नसतं, म्हणून मायक्रोअॅरे नॉर्मल येतो. त्यासाठी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी कॅरिओटाइप तपासणीच लागते, तीही जास्त पेशी मोजून, कारण कडं काही पेशींतच असतं. एंजलमन सिंड्रोम या जनुकीय मेंदूविकारासाठी मिथायलेशनची, म्हणजे जनुक चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांची चाचणी करावी लागते. आणि बदल फक्त मेंदूच्या एका भागातल्या पेशींत असेल, तर रक्ताची कोणतीच चाचणी तो पकडणार नाही.

लागतं ते थोडं रक्त, ईडीटीए असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत. उपाशी राहण्याची गरज नाही. खरी हलगर्जी होते ती सोबतच्या फॉर्मवर. तिथे नुसतं ‘फिट्स’ असं लिहून पाठवतात. पहिल्या फिटचं वय, फिटचे प्रकार, ताप आणि फिट यांचं नातं, ईईजी व एमआरआयचे निष्कर्ष, कोणत्या औषधाने बिघडलं, वाढ केव्हा थांबली आणि तीन पिढ्यांची वंशावळ हे सगळं लिहिलेलं असावं. हजारो बदलांमधून कामाचा बदल निवडताना प्रयोगशाळेला आधार असतो तो याच माहितीचा.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं लिहिलं आहे. म्हणजे आजार आहे की नाही?

उत्तर : बदल दिसला आहे, पण तो दोषी आहे की निव्वळ हजर आहे, हे ठरवण्याइतका पुरावा नाही, इतकाच याचा अर्थ. २०१५ पासून बदलांचे पाच वर्ग केले जातात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘बहुधा रोगकारक’ म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक खात्री. त्यावर डॉक्टर निर्णय घेतात. अनिश्चित वर्गावर मात्र औषध बदलू नये आणि गर्भाची तपासणी तर नाहीच नाही.

पुढची पायरी बहुधा सोपी असते. आई-वडिलांचं रक्त त्या एका बदलासाठी तपासायचं. दोघांकडे तो नसेल आणि मुलाची लक्षणं त्या जनुकाशी जुळत असतील, तर बदल वरच्या वर्गात जाऊ शकतो. निरोगी वडिलांकडेही तोच बदल मिळाला तर संशय बराच उतरतो, अर्थात एक्स गुणसूत्रावरची आणि सौम्य रूपाने दिसणारी जनुकं सोडून. त्यानंतर एक-दोन वर्षांनी जुन्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण मागायचं. त्यासाठी नवं रक्त लागत नाही. उपयोग होतो, कारण मधल्या काळात नवी जनुकं आणि तशीच इतर मुलं नोंदली गेलेली असतात. रिपोर्टची मूळ फाइल आणि कच्ची माहिती स्वतःकडे मागून ठेवा.

प्रश्न : माझ्या भाच्याला जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून फिट्स आहेत, जनुक एससीएन२ए. त्याला फेनिटॉइन चालू आहे आणि फरकही पडला आहे. पण सोडियमवाली औषधं विष असतात असं एका पालकांनी सांगितलं. बंद करावं का?

उत्तर : नाही. त्या पालकांच्या मुलाला बहुधा ड्रावे असेल. एससीएन२ए हेही सोडियमच्या वाहिनीचंच जनुक आहे, पण त्याची वाहिनी मुख्यतः उत्तेजना पुढे नेणाऱ्या पेशींत असते. पहिल्या तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या फिट्समध्ये ही वाहिनी सहसा गरजेपेक्षा जास्त काम करत असते, म्हणून तिला आवळणारं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन लागू पडतं. हेच जनुक, पण फिट्स उशिरा सुरू झालेल्या, तर वाहिनी बहुधा कमी काम करते आणि तीच औषधं त्रास वाढवू शकतात. केसीएनक्यू२ या पोटॅशियमच्या वाहिनीच्या जनुकातही, पहिल्या आठवड्यात शरीर ताठ होणाऱ्या फिट्स असल्या तर कार्बामाझेपिनचा चांगला उपयोग होतो. तेव्हा जनुकाचं नाव पुरेसं नाही. फिट्स कोणत्या वयात सुरू झाल्या आणि वाहिनीचं काम वाढलं की घटलं, हेही पाहावं लागतं. फेनिटॉइनची रक्तातली पातळी मात्र तपासत राहा. डोस थोडा वाढवला तरी ती एकदम चढते आणि बाळ डोळे फिरवू लागतं, ओकू लागतं, सुस्त होतं.

प्रश्न : जनुकाचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. तोवर नुसतं थांबायचं का?

उत्तर : काही कारणं अशी आहेत की थांबणं परवडत नाही, आणि आम्हाला वाटतं या पानावरचा हाच सर्वांत निकडीचा मुद्दा आहे.

नवजात बाळाच्या फिट्स दोन औषधांनी थांबत नसतील तर बी६ जीवनसत्त्वाचा, म्हणजे पिरिडॉक्सिनचा प्रयोग करून पाहायलाच हवा. एएलडीएच७ए१ हे जनुक बिघडलं की शरीरात साचणारा पदार्थ बी६चं कार्यरत रूप अडकवून ठेवतो आणि मेंदूला ते मिळत नाही. पिरिडॉक्सिन १०० मिलिग्रॅम शिरेतून देतात. पहिल्या डोसनंतर बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून हे अतिदक्षता विभागातच करायचं. एका डोसने फरक दिसला नाही म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. तोंडाने रोज ३० मिलिग्रॅम प्रति किलो याप्रमाणे पाच ते सात दिवस देऊन मगच ठरवतात. रक्त किंवा लघवीतलं अल्फा-एएएसए, म्हणजे या दोषात साचणारं रसायन, औषध सुरू झाल्यावरही वाढलेलं राहतं, त्यामुळे तपासणीसाठी उपचार लांबवायचं कारण नाही. निदान पक्कं झालं तर औषध आयुष्यभर घ्यायचं, आणि सोबत लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असलेला आहार. लहान बाळांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण जास्त मात्रेने हातापायांच्या नसा बिघडतात. पीएनपीओ जनुकाच्या दोषात बऱ्याच बाळांना पिरिडॉक्सिन पुरत नाही, पिरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे बी६चं तयार कार्यरत रूपच लागतं.

दुसरं ग्लुट-१ची कमतरता, जनुक एसएलसी२ए१. रक्तातली साखर मेंदूत नेणारं प्रथिन कमी पडतं. सकाळी उपाशीपोटी मूल बिघडतं आणि खाल्ल्यावर सुधारतं, ही खूण आई-वडिलांनाच दिसते. पाठीच्या कण्यातून पाणी काढून त्यातली साखर मोजतात. चार ते सहा तास उपाशी ठेवून, आणि रक्ताचा नमुना पाणी काढण्याच्या आधी घ्यायचा. आधी सुई, मग रक्त असं झालं की रडण्याने रक्तातली साखर वाढलेली असते आणि दोन्हींचं गुणोत्तर चुकतं. पाण्यातली साखर बहुधा ६० मिलिग्रॅमच्या खाली आणि रक्ताच्या निम्म्याहून कमी मिळते. उपचार कीटोजेनिक आहार, म्हणजे मेंदूला साखरेऐवजी चरबीपासून बनणाऱ्या कीटोनचं इंधन. पण तो घरी सुरू करण्याचा प्रकार नाही. चरबी जाळण्याच्या क्रियेतच जन्मजात दोष असलेल्या मुलाला तो जीवघेणा ठरतो, म्हणून त्या तपासण्या आधी. आहार काटेकोर पाळूनही कीटोन घसरले तर सिरपच्या बाटल्या तपासा. खोकल्याच्या आणि तापाच्या गोड औषधांत साखर लपलेली असते. फिनोबार्बिटोन ग्लुट-१चं काम आणखी कमी करतं, म्हणून या मुलांत ते टाळतात.

तिसरं, दोन ते चार वर्षांच्या मुलाचं बोलणं उशिरा आणि नंतर फिट्स, असं असेल तर टीपीपी१ एन्झाइमची चाचणी लगेच करा. ही सीएलएन२ची, म्हणजे या एन्झाइमच्या कमतरतेने मेंदू झिजत जाणाऱ्या आजाराची खूण असू शकते. मेंदूच्या पोकळीत दर दोन आठवड्यांनी देण्याचं सर्लिपोनेज अल्फा हे एन्झाइम २०१७ पासून मान्य आहे. ते चालणं-बोलणं गमावण्याचा वेग कमी करतं, गेलेलं सहसा परत आणत नाही.

प्रश्न : व्हॅल्प्रोएट सुरू करण्याआधी जनुक तपासावं का?

उत्तर : प्रत्येक मुलात नाही. पण वाढ मागे जाते आहे, एकाच हाताला किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला तासन्‌तास न थांबणारे झटके येतात, यकृताची एन्झाइम्स वाढलेली आहेत किंवा भावंड यकृत बिघडून दगावलं आहे, यांपैकी काही असेल तर आधी पीओएलजी तपासा. या जनुकाच्या दोषात व्हॅल्प्रोएटने यकृत निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. औषध चालू असताना मूल सारखं ओकू लागलं, पेंगू लागलं, कावीळ दिसली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : जनुकच बदलणारा उपचार कधी येणार?

उत्तर : ड्रावेपुरतं बोलायचं तर एक अडचण निव्वळ मापाची आहे. जनुक आत नेण्यासाठी वापरला जाणारा एएव्ही विषाणू सुमारे ४,७०० अक्षरं वाहू शकतो आणि एससीएन१एचा कामाचा मजकूरच ६,००० अक्षरांच्या आसपास आहे. म्हणून दुसरी वाट धरली आहे : जनुकाची जी प्रत चांगली आहे तिच्याकडूनच जास्त प्रथिन बनवून घ्यायचं. त्यासाठीचं अँटिसेन्स औषध पाठीच्या कण्यातून देतात आणि त्याच्या मानवी चाचण्या सुरू आहेत. अशा चाचणीत दाखल व्हायचं तर वर्गीकरणासह पक्का जनुकीय रिपोर्ट लागतो. चाचणीच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

प्रश्न : लांब फिट्स येणाऱ्या मुलासाठी घरात काय ठेवावं?

उत्तर : मिडाझोलॅम, नाकात मारायचं किंवा गालाच्या आत सोडायचं. डोस वजनावर असतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वजन करून तो नव्याने लिहून घ्या. वर्षभरापूर्वीचा डोस पुरत नाही आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा गैरसमज होतो. मूल कुशीवर, तोंडात चमचा-बोट काही नाही, आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांना औषध द्यायचं. पूर्वी फिट अर्ध्या तासाची झाली असेल तर डॉक्टर याहून आधी द्यायला सांगू शकतात. गालात सोडताना अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या, हिरडी आणि गालाच्या मध्ये, हळूहळू. एकदम सोडलं की बरंचसं बाहेर येतं. दिल्यावर श्वासावर नजर. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा, दुसरा डोस डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच.

सोबत एक कार्ड ठेवा. त्यावर मुलाचं वजन, जनुकाचं नाव आणि बदल, चालू औषधं आणि टाळायची औषधं असावीत. तातडीच्या विभागात मिडाझोलॅमने फिट थांबली नाही की पुढे अनेकदा फेनिटॉइनच काढलं जातं. ड्रावेच्या मुलाच्या कार्डावर ‘शक्यतो लेव्हेटिरासिटाम किंवा व्हॅल्प्रोएट द्यावं’ असं तुमच्या तज्ज्ञांच्या सहीने लिहिलेलं असेल, तर रात्री दोन वाजता कुणाशी वाद घालावा लागत नाही. कार्डाची एक प्रत शाळेत आणि एक मुलाच्या दप्तरात ठेवा. मिडाझोलॅमची मुदत संपण्याची तारीखही त्याच कार्डावर लिहा.